भोपळ्याच्या वेलाखालच्या अळ्या

एका डोंगरवस्तीच्या कडेला एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत असे. भाजीचा मळा आणि कोंबड्या एवढाच त्याचा पसारा, पण हे दोन्ही शिकायला लांबलांबून माणसं त्याच्याकडे येऊन राहत. त्याला सगळे नाना म्हणत. नानांची शिकवण्याची रीत मोठी विचित्र. बियाणं नाही, खत नाही, पाणी नाही. पहिल्या दिवसापासून ते शिष्याला पानं उलटी करून पाहायला लावत. कोण बसलंय, कोण चालतंय, कोण कुणाला खातंय. निम्मे शिष्य पहिल्या महिन्यातच काढता पाय घेत. अहो, माणूस शिकायला आला भोपळा पिकवायला आणि म्हातारा दाखवतोय किडे, मग दुसरं काय होणार?

टिकली ती सगुणा. तिच्या टिकण्याचं सगळ्यांनाच नवल वाटे, कारण किड्यामुंग्यांची तिला लहानपणापासून विलक्षण धास्ती. अळी दिसली की तिच्या अंगावर सर्रकन काटा येई. पण नवऱ्याच्या पश्चात तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, गावी जाऊन कोंबड्या पाळायच्या होत्या, म्हणून ती दात आवळून राहिली.

मळ्याच्या सावलीच्या बाजूला एक खड्डा होता. भाजीची देठं, सडकी फळं, भिजलेला कोंडा असं सगळं त्यात पडे. त्यात चपट्या, करड्या, खरबरीत अळ्यांची नुसती वळवळ चाललेली असे. वाढ पुरी झाली की त्या आपणहून एका तिरप्या फळीवरून वर चढत आणि पलीकडच्या टोपलीत पडत. ती टोपली कोंबड्यांपुढे उपडी केली की त्या अशा तुटून पडत की बघत राहावं. "हे त्यांचं पक्वान्न," नाना हसून म्हणत. खड्ड्याचा नियम एकच होता. मांस, मासळी, मेलेलं काहीही त्यात जायचं नाही. मेलेलं जनावर लांब, कमरेइतकं खोल, चुना घालून पुरायचं. असं का, तेही नानांनी एकदा समजावलं होतं. पण त्या वेळी सगुणा नाकाला पदर लावून उभी होती, आणि नाक बंद केलं की माणसाचे कानही बंद होतात बहुतेक.

हळूहळू तिची भीड चेपली. ती उघड्या हाताने टोपली उचलू लागली. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

मग एके दिवशी नाना बाहेरगावी गेलेले असताना मुंगसाने एक कोंबडी मारून टाकली. लांब जाऊन खोल खड्डा खणायचा सगुणाला आला कंटाळा. शेवटी मातीला मिळायचंच आहे, मग वेलाला तरी खत होईल, असा हिशेब करून तिने ती कोंबडी भोपळ्याच्या वेलाखाली वीतभर मातीत लोटून दिली. काही दिवसांनी तिथे कोंबड्या जोरजोरात उकरताना दिसल्या. ती जवळ गेली. माती पांढऱ्याशुभ्र अळ्यांनी वळवळत होती. तिने जराही न शहारता खुरपं घेतलं आणि कोंबड्यांसाठी ती जागा आणखी मोकळी करून दिली. नाना परत आले की त्यांना सांगू, बघा, तुमची सगुणा आता भीत नाही, असं ती मनाशी म्हणाली. खुशीत ती त्या दिवशी गाणंही गुणगुणत होती.

नाना परतले त्या संध्याकाळी कोंबड्या जरा सुस्त दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाने खुराड्याचं दार उघडलं, आणि कोणीच बाहेर आलं नाही.

तिने वाकून आत पाहिलं. मोठा तांबडा कोंबडा जमिनीवर पसरला होता. मान पुढे मातीत टेकलेली. तिने ती उचलली तर ओल्या फडक्यासारखी हातातून खाली पडली. डोळे मात्र उघडे होते. तो तिच्याकडे पाहत होता. त्याच्या पलीकडे आणखी एक, तिच्या मागे आणखी. सगळ्यांचे डोळे उघडे, माना जमिनीवर, पंख पसरलेले. कोणी ओरडत नव्हतं, तडफडत नव्हतं. तिने कोंबड्याला उचलायला हात घातला तर मूठभर पिसं अलगद हातात आली.  

"नाना!" ती किंचाळली.

तिची किंकाळी नानांच्या आधी वस्तीने ऐकली. शेजारची शेवंतामावशी धावत आली. आत डोकावली आणि तिने तोंडावर हात धरला.

"मानमोडी!" ती पुटपुटली. "सगुणे, ही मानमोडी गं!"

कोंबड्या पाळणाऱ्या घरात हा शब्द उच्चारला की चूल थंड पडते म्हणा ना. मानमोडीची साथ आली की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. घटकाभरात वस्तीचे पाटील कोंडाजी माणसं घेऊन आले. हातात काठ्या, एकाच्या पाठीला फवारणीचा पंप. पाटील वाईट माणूस नव्हे. पण मागच्या साली मानमोडीत त्यांची एकूण एक कोंबडी गेली होती, आणि आता कुंपणापलीकडून बोलतानाही त्यांचा आवाज कापत होता.

"नाना, माफ करा. पण दिवस मावळायच्या आत वस्तीतली प्रत्येक कोंबडी मारून पुरायची. तुमचीही आणि सगळ्यांची. एक जरी राहिली तरी शेजारच्या गावांच्या शिव्या खायला मी मोकळा."

"माझ्या तर धडधाकट आहेत हो!" शेवंतामावशी रडू लागली. तिच्या घरची मीठमिरची त्या अंड्यांवर चाले. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, पाटलांनाही.

"आज धडधाकट आहेत," पाटील म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

 नाना खुराड्यात शिरले, एकेका कोंबडीची मान हातात घेऊन पाहिली, चोच उघडून पाहिली. मग कोपऱ्यात अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीपुढे येऊन थांबले. ती टवटवीत होती. नानांनी हात पुढे करताच तिने टोचही मारली.

"पाटील, मानमोडीत मान पिळते, वाकडी होते. कोंबडी धापा टाकते. इथे मान नुसती गळलीय. आणि पाहा, सगळ्यांत दांडगा कोंबडा आधी पडला. जो सगळ्यांना ढकलून आधी खातो, तोच. आणि जी अंड्यांवरून उठलीच नाही, ती ठणठणीत. रोग असा निवड करत नाही. यांनी काहीतरी खाल्लंय."

"खाल्लंय काय?"

नानांनी कोंबड्याकडे पाहिलं. त्याचे डोळे आता मिटले होते, जीव गेला होता. त्यांनी सुरी मागवली, कुंपणाच्या कडेला बसून त्याची गळ्याखालची पिशवी, दाण्याची ती पोटळी, उघडली. आत पांढऱ्या, गुळगुळीत, एका टोकाला निमुळत्या अळ्या होत्या.

"या माझ्या खड्ड्यातल्या नव्हेत," नाना सावकाश म्हणाले. त्यांनी मान वर केली. "या कुठून आल्या?"

सगुणाला ठाऊक होतं. त्या क्षणी तिला सगळं कळलं. बोलायचं होतं. पण समोर पाटील, काठ्या, अख्खी वस्ती. मी, मीच, माझ्या हाताने खुरपं घेऊन. आता मला इथून हाकलतील, गावी कोणत्या तोंडाने जाऊ? तिने जमिनीकडे नजर लावली. लोक आपसात बोलू लागले, म्हाताऱ्याचं काहीतरीच, अळ्यांनी कोंबड्या मरतात होय कधी? शेवंतामावशी हुंदके देत आपल्या घराकडे निघून गेली. सगुणा पाहत राहिली आणि गप्प राहिली.

नाना तिच्याकडे पाहत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"भोपळ्याखाली," ती एकदम म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मुंगसाने मारलेली कोंबडी मी... नाना, मी तिथेच पुरली. मी त्यांना उकरून दिलं."

माणसं भोपळ्याच्या वेलाकडे धावली. हिरव्या चमकदार माश्यांचा थवा घोंघावत उठला आणि सगळे नाक दाबून मागे सरले. उकरलेल्या मातीत कुजलेली कोंबडी होती आणि तिच्यावर तसल्याच पांढऱ्या अळ्या. पाटलांनी कपाळावरचा घाम पुसला. म्हणजे साथ नव्हे. म्हणजे बाकीच्यांच्या कोंबड्या मारायची गरज नाही.

"मावशी!" सगुणा ओरडली आणि पळत सुटली.

शेवंतामावशीच्या अंगणात भयाण शांतता होती. विळी पायाशी पडलेली, कोंबड्या झाकायचं डालगं उपडं, सगळीकडे पिसं. मावशी दगडावर बसून हात धूत होती. धूत होती, धूत होती, थांबतच नव्हती.

"पाटलाच्या पोरांनी काठ्यांनी झोडपण्यापेक्षा मीच केलं गं," ती म्हणाली. "माझ्या हातचा दाणा खायच्या. मग माझ्याच हाताने गेल्या तर बरं, म्हटलं."

 सगुणा काय सांगणार? मी घटकाभर आधी तोंड उघडलं असतं तर त्या वाचल्या असत्या, हे?

ती मळ्यात परतली ती भुतासारखी. वेलाखालची मेलेली कोंबडी तोवर जाळून झाली होती, आजारी कोंबड्यांना नाना गुळाचं पाणी थेंब थेंब पाजत होते. सगुणाने कोणाकडे पाहिलं नाही. तिने पाटलांच्या माणसाच्या पाठीवरचा फवारणीचा पंप हिसकावून घेतला आणि थेट खड्ड्याकडे निघाली.

"एक किडा ठेवणार नाही," ती म्हणत होती.  "खड्ड्यात नको, वालावर नको, वांग्यावर नको. एकसुद्धा नको."

"मार, पोरी, मार," पाटील मागून म्हणाले. भीती फार लवकर एकाची दुसऱ्याला लागते.

नाना उठले. ते तिच्याकडे आलेच नाहीत. ते खड्ड्याशी तिच्याआधी पोचले, टोपलीत हात घालून ओंजळभर करड्या अळ्या घेतल्या, आणि खुराड्यात जाऊन त्या खुडूक कोंबडीपुढे टाकल्या. मळ्यात धड राहिलेली ती एकच कोंबडी होती. तिच्याखाली अंडी होती.

"नाना, नको!" सगुणाच्या हातातून पंप गळून पडला. "अहो, हे काय करताय? नको ना!"

कोंबडीने मान लांब केली आणि पहिली अळी टिपली. मग दुसरी. माणसं थिजून पाहत राहिली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं कोणीतरी कुजबुजलं. ओंजळ संपली तेव्हा नाना उठले आणि म्हणाले, "पाटील, तुमचा पंप उद्यापर्यंत इथेच ठेवा. सगुणे, उद्या ही कोंबडी पडली तर तू फवार. मी अडवणार नाही."

ती रात्र सगुणाची कशी गेली ते मी सांगत बसत नाही; ज्याने चूक केल्यावर सकाळची वाट पाहिलीय त्याला सांगायची गरज नाही. उजाडलं तेव्हा खुराड्यापाशी जाण्याचा धीर तिला होईना. दाराशी पाटील उभे होते, तेही आत जात नव्हते.

आतून फडफड ऐकू आली. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली, अंग झाडलं, पाण्याच्या खापरीशी आली, दोन घोट प्यायली आणि यांच्याकडे रागाने पाहून पुन्हा अंड्यांवर जाऊन बसली. आदल्या दिवशी पडलेल्यांपैकी काही रात्रीत गेल्या होत्या. पण एका पांढऱ्या कोंबडीने मान उचलली होती, थोडीशीच, आणि नवीन कोणी पडलं नव्हतं. सगुणा तिथेच मातीत बसली आणि रडली.

नाना तिच्याजवळ बसले. आता ते बोलले, आणि आयुष्यात फार थोडं बोलणाऱ्या माणसाने जितकं बोलावं तितकंच.

"पोरी, तुला अळ्यांची भीती होती, ती गेली असं तुला वाटलं. ती गेली नव्हती. तू डोळे मिटून हात घालायला शिकलीस, एवढंच. आधी तुझ्या लेखी सगळ्या अळ्या विष होत्या. मग सगळ्या पक्वान्न झाल्या. काल दुपारी पुन्हा सगळ्या विष. या तिन्ही वेळांत तू अळीकडे पाहिलंस कधी? खड्ड्यातली देठं खाऊन वाढते. वेलाखालची मढ्यावर वाढली. कुजत्या मांसात जे विष तयार होतं ते अळीला मारत नाही, पण तिच्या अंगात राहतं. कोंबडीने अळी खाल्ली, विष खाल्लं. दोष अळीचा नव्हता, तिला मिळालेल्या जेवणाचा होता. आणि ते जेवण आपण वाढलं."

सगुणा मान खाली घालून ऐकत होती.

"त्या वालाच्या शेंड्यावर मावा आहे. त्यात एक काळी, काटेरी, दिसायला भेसूर अळी फिरते. ती मावा खाते, वेल तिच्यामुळे उभा आहे. काल तू पंप मारला असतास तर मावा आठवडाभरात परत आला असता. ती आली नसती."

"पण तुम्हाला भीती नाही वाटली?" सगुणाने विचारलं. "ती शेवटची कोंबडी होती, नाना. पडली असती तर?"

"वाटली की. माझे हात थरथरत होते, तू पाहिलं नाहीस. भिऊ नकोस असं मी कधीच सांगत नाही. वेलाखालच्या अळ्यांना भ्यायलाच हवं होतं, आणि नेमकं तिथे तू भ्यायली नाहीस." नानांनी शेवंतामावशीच्या घराकडे पाहिलं. "शेवंताच्या कोंबड्यांना मात्र अळीने हातही लावला नव्हता."

पुढे कोपऱ्यातल्या कोंबडीची पिल्लं निघाली. ती जराशी हिंडूफिरू लागली तेव्हा सगुणाने कोंबडी आणि पिल्लं डालग्याखाली घालून शेवंतामावशीच्या दारात नेऊन ठेवली. झालेलं सगळं तिने मावशीला सांगितलं, गप्प राहिल्याचंही. मावशीने डालगं परत तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "घेऊन जा गं. मला नकोत. माझ्या घरामागे उकिरडा आहे, त्यात काय काय वळवळतं. मला आता झोप लागणार नाही."

सगुणाने डालगं उचललं नाही. ती उठून उकिरड्याशी गेली, काठीने वरचा थर बाजूला केला आणि उकिडवी बसली. मावशी तोंडाला पदर लावून तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"ही देठांवरची. ही चालेल," सगुणा म्हणाली. काठीने तिने आणखी थोडं उकरलं. एक लांब, पिवळट, काळ्या डोक्याची अळी वर आली आणि अंग आक्रसून थांबली. सगुणा दचकली. तिच्या हातावर काटा उभा राहिला आणि तिने तो तसाच राहू दिला.

"आणि ही?" मावशीने विचारलं.

"ही मला माहीत नाही."

"मग?"

"माहीत होईपर्यंत डालगं उचलून पिल्लं मोकळी सोडायची नाहीत. औषधही मारायचं नाही. ही काय खाते ते आधी बघू."

मावशी पदर घट्ट धरून हळूच तिच्याशेजारी खाली बसली. दोघी भीत भीत पाहत राहिल्या.